प्रश्नोत्तराचा तास : आमदार मंत्र्यांना प्रश्न कसा विचारतात?



विधिमंडळाची कामे कोणती, या प्रश्नाचे उत्तर तुम्हां सर्वांना पाठ आहे. कायदे करणे, अंदाजपत्रक मंजूर करणे आणि मंत्रिमंडळावर नियंत्रण ठेवणे. पहिली दोन कामे समजायला सोपी आहेत. तिसऱ्यापाशी मात्र बहुतेक मुले अडखळतात. नियंत्रण ठेवणे म्हणजे नेमके काय करणे? मंत्र्याच्या हातात पोलीस आहेत, कचेऱ्या आहेत, पैसा आहे. आमदाराच्या हातात काय आहे? त्याच्या हातात एक कागद आहे, आणि त्या कागदावर प्रश्न लिहिलेला आहे. या अंकात आपण त्या कागदाची ओळख करून घेऊ. आपला बीदर आणि कलबुर्गीचा भाग राज्याच्या अगदी उत्तर टोकाला आहे. बीदरपासून बंगळुरू सुमारे ७०० किलोमीटर दूर. इथली अडचण तिथपर्यंत पोहोचवण्याचे जे थोडे मार्ग आहेत त्यांपैकी हा एक आहे, आणि आमच्या मते त्याचा उपयोग आपण फार कमी करून घेतो.

आधी थोडा इतिहास. मंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारण्याची पद्धत इंग्लंडची. तिथल्या लॉर्ड्सच्या सभेत १७२१ साली असा पहिला प्रश्न विचारला गेल्याची नोंद आहे. आपल्या देशात १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण ती फार जखडलेली होती. आगाऊ सूचना द्यायची, सरकार जे उत्तर देईल ते ऐकायचे आणि खाली बसायचे. उत्तरावर उलट प्रश्न नाही. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्यांनी या चौकटीत राहून काम केले. १९०९ च्या सुधारणांत मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला, आणि १९१९ नंतर सभागृहातील कोणत्याही सभासदाला तो विचारता येऊ लागला. सत्तावीस वर्षांत मिळालेली ही एवढीशी गोष्ट, पण उपप्रश्न हेच प्रश्नोत्तराच्या तासाचे खरे बळ आहे. ते का, हे पुढे पाहू.

हे सारे ब्रिटिश मुलखात चालले होते. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ साली सुरू झाले त्या काळात मराठी शाळा काढायची, सभा भरवायची, तर सरकारची मर्जी सांभाळावी लागे. पुढे ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फर्मानाने परवानगीशिवाय सभा घेण्यावरच बंदी आली. अशा राज्यात माणूस अर्ज करू शकतो, प्रश्न विचारू शकत नाही. अर्ज आणि प्रश्न यांतला फरक ध्यानात घ्या. अर्जाला उत्तर देणे ही देणाऱ्याची कृपा असते. सभागृहात स्वीकारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हे मंत्र्यावरचे बंधन असते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर सातच आठवड्यांनी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीपुढे राज्यघटनेचा मसुदा मांडला. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी संसदीय पद्धत का निवडली याचे कारण दिले. अमेरिकेसारख्या पद्धतीत सरकारच्या कामाचा हिशेब ठराविक काळाने होतो. संसदीय पद्धतीत तो दोनदा होतो : रोजच्या रोज सभासद करतात आणि निवडणुकीत मतदार करतात. रोजच्या हिशेबाची साधने सांगताना त्यांनी ठराव, अविश्वास प्रस्ताव, तहकुबी सूचना आणि चर्चा यांच्याबरोबर प्रश्नांचाही उल्लेख केला होता. त्यांच्या मते रोजचा हिशेब हा ठराविक काळाच्या हिशेबापेक्षा अधिक परिणामकारक. गंमत अशी, की हे भाषण चालू असताना बीदर-गुलबर्ग्यात मात्र मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचे लष्करी प्रशासन होते. आपल्याकडे ना आमदार होते ना विधानसभा.

ती आली १९५२ साली. हैदराबाद राज्याच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर हे तीन, असे सोळा जिल्हे. मुख्यमंत्री बी. रामकृष्णराव हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, सभापती काशिनाथराव वैद्य आणि विरोधी बाकांचे नेते व्ही. डी. देशपांडे. सभागृहात उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड अशा अनेक भाषा ऐकू येत. निजामाच्या अमलात ज्यांना सभा घ्यायलाही परवानगी काढावी लागे, त्यांच्याच पिढीतली माणसे आता मंत्र्यांना उभे करून जाब विचारत होती. याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्यातून पहिल्या लोकसभेवर निवडून गेले. मुक्तिलढ्याचे नेते होण्यापूर्वी स्वामीजी शाळामास्तर होते, हे आपल्या शाळेतल्या मुलांनी विसरू नये.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद व नारायणखेडचा भाग आंध्रात गेला आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याणचा पट्टा म्हैसूर राज्यात आला. म्हैसूरचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आजोळ उदगीर-निलंग्याकडचे आहे. मामाचा आमदार मुंबईत प्रश्न विचारतो आणि तुमचा बंगळुरूत. दोन्ही ठिकाणची पद्धत मुळात एकच आहे, फक्त शब्द वेगळे. ते शब्द आता पाहू, कारण सीमाभागातल्या मुलाने ते दोन्ही भाषांत ओळखले पाहिजेत.

ज्या प्रश्नाचे उत्तर मंत्र्याने सभागृहात उभे राहून तोंडी द्यायचे असते त्याला मराठीत तारांकित प्रश्न म्हणतात, कारण यादीत त्याच्यापुढे तारा छापलेला असतो. कन्नडमध्ये तो ‘चुक्के गुरुतिन प्रश्ने’, म्हणजे ताऱ्याची खूण असलेला प्रश्न. ज्याचे उत्तर केवळ लेखी मिळते तो अतारांकित, कन्नडमध्ये ‘चुक्के गुरुतिल्लद प्रश्ने’. तातडीच्या बाबतीत नेहमीपेक्षा कमी मुदतीत विचारतात तो अल्पसूचना प्रश्न. आमदाराला कन्नड वर्तमानपत्रे ‘शासकरु’ म्हणतात हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण एका शब्दाशी जपून राहा. कन्नड बातमीत ‘सचिव’ असे वाचलेत तर तो मंत्री समजायचा. मराठीत सचिव म्हणजे खात्याचा वरिष्ठ अधिकारी, ज्याला कन्नडमध्ये ‘कार्यदर्शी’ म्हणतात. ‘सचिवांनी सभागृहात उत्तर दिले’ असे भाषांतर केले की अर्थाचा अनर्थ होतो, कारण सभागृहात उत्तर देण्याची जबाबदारी लोकांनी निवडलेल्या मंत्र्याची असते, नेमलेल्या अधिकाऱ्याची नव्हे. आमच्या या पाठाचा अर्धा आशय या एका फरकात आहे.

लोकसभेची पद्धत नमुन्यादाखल घेऊ, कारण तिथले आकडे ठरलेले आहेत. बैठकीचा पहिला तास, सकाळी ११ ते १२, हा प्रश्नांचा. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. साधारणपणे किमान १५ दिवसांची सूचना द्यावी लागते. प्रश्न फार आले की कोणाचा कितवा हे चिठ्ठ्या टाकून ठरते. प्रत्येक खात्याला आठवड्यातला वार ठरवून दिलेला असतो, म्हणजे सर्व मंत्र्यांना रोज तयारी करून यावे लागत नाही. राज्यसभेत हा तास २०१४ पासून दुपारी बाराला सुरू होतो. एका तासात वीसही प्रश्न संपत नाहीत. पाच-सहा झाले तरी पुष्कळ. उरलेल्यांची उत्तरे लेखी म्हणून सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात.

प्रश्न कसा लिहावा याचे नियम मात्र सगळीकडे जवळजवळ सारखेच आहेत, आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याने निबंध लिहिण्यापूर्वी वाचावेत असे आम्हांला वाटते. प्रश्न नेमका असावा. लोकसभेत तो साधारणपणे १५० शब्दांहून मोठा नसावा. त्यात युक्तिवाद नको, टोमणा नको, कोणावर आरोप नको, विशेषणे नकोत. मंत्र्याचे मत विचारायचे नाही, माहिती विचारायची. न्यायालयापुढे असलेल्या बाबीवर विचारायचे नाही. आणि ज्या खात्याचा मंत्री त्या खात्याच्याच कामाचे विचारायचे.

हे शेवटचे कलम दिसते तेवढे सोपे नाही. बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्गाचे उदाहरण घ्या. सुमारे ११० किलोमीटरचा हा मार्ग १९९० च्या दशकाच्या अखेरीस मंजूर झाला आणि २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. मध्ये जवळपास वीस वर्षे गेली. ‘आमचे आमदार रेल्वेचा प्रश्न विधानसभेत का विचारत नाहीत,’ असे त्या काळात पारावर बसलेले लोक म्हणत. पण रेल्वे हा केंद्राचा विषय. त्याचा प्रश्न दिल्लीत खासदाराने विचारायचा. शाळेत शिक्षक नाही, हा प्रश्न बंगळुरूचा. गल्लीतला दिवा लागत नाही, तर विधानसभा नव्हे, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. चुकीच्या दारावर कितीही जोराने थाप मारली तरी ते दार उघडत नाही.

आता मराठी शाळेचेच उदाहरण घेऊन दोन प्रश्न लिहून पाहू. समजा एखाद्याने लिहिले : ‘सीमाभागातील मराठी शाळांवर वर्षानुवर्षे अन्याय होत असून सरकार झोपले आहे काय?’ हे भाषणात टाळ्या घेईल, पण प्रश्न म्हणून स्वीकारले जाणार नाही. यात आरोप आहे, टोमणा आहे आणि विचारलेली माहिती काहीच नाही. समजा चुकून स्वीकारला गेलाच, तर मंत्री ‘नाही’ एवढे एकच अक्षरी उत्तर देऊन मोकळे होतील.

दुसरा असा लिहू. बीदर जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळा किती आहेत? त्यांत शिक्षकांची मंजूर पदे किती आणि रिकामी किती, याची तालुकावार माहिती काय? पद किती काळापासून रिकामे आहे? ते कधीपर्यंत भरण्यात येईल? नसल्यास त्याची कारणे काय? या प्रश्नात एकही कठोर शब्द नाही. पण त्याच्या उत्तरात आकडे द्यावेच लागतात, आणि एकदा आकडा मंत्र्याच्या सहीने सभागृहाच्या दप्तरात गेला की तो नाकारता येत नाही. पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारला, की दोन आकडे शेजारी ठेवून कोणीही पाहू शकतो.

महाराष्ट्र विधानसभेच्या प्रश्नांची एक ठरलेली घडी आहे. मामाच्या गावच्या वर्तमानपत्रात ती तुम्ही पाहिली असेल. ‘अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरेही ठरलेली. ‘होय, हे खरे आहे.’ ‘अंशतः खरे आहे.’ आणि सर्वांत लाडके उत्तर, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ कर्नाटकात विचारतात, ‘सरकारद गमनक्के बंदिदेये?’ म्हणजे सरकारच्या ध्यानात आले आहे काय? त्याचे उत्तर ‘बंदिदे’, आले आहे. आणि पुढच्या पोटप्रश्नाला ‘उद्भविसुवुदिल्ल’. पाहा, दोन राज्यांत सीमेवरून कितीही वाद असोत, उत्तर टाळण्याचे क्रियापद दोघांनी एकच निवडले आहे! तसेच ‘विचाराधीन आहे’ आणि ‘परिशीलनेयल्लिदे’ ही सख्खी भावंडे. पदे भरण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे, या वाक्यात कोण विचार करतो, कधीपासून करतो आणि कधी संपवणार, यांतले काहीच नसते.

इथे उपप्रश्न कामाला येतो. तारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर आधीच छापून आलेले असते. आमदार ते वाचतो, त्यातली पोकळ जागा शोधतो आणि उभा राहून विचारतो : ‘प्रस्ताव वित्त खात्याकडे कोणत्या तारखेला गेला?’ आता मंत्र्यापुढे छापील वाक्य नसते. अधिकारी मागे गॅलरीत बसलेले असतात, चिठ्ठ्या येतात, पण बोलायचे मंत्र्यालाच असते. खात्याची माहिती असलेला मंत्री आणि नसलेला मंत्री या दोन मिनिटांत वेगळे दिसतात. म्हणूनच १९०९ आणि १९१९ च्या त्या छोट्या सुधारणा आम्ही वर मुद्दाम सांगितल्या.

असा प्रश्न किती दूर जाऊ शकतो याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुंदडा प्रकरणाचे आहे. आयुर्विमा महामंडळाने १९५७ साली हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे भाग खरेदी केले होते. लोकसभेत त्यावर प्रश्न आले, आधीची उत्तरे तोकडी वाटली आणि फिरोज गांधींनी विषय लावून धरला. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे खासदार होते, पंतप्रधानांचे जावई होते, हे विशेष. मुंबईचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छगला यांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. प्रश्न विचारणे हे विरोधी पक्षाचेच काम, असा जो समज आहे तो या उदाहरणाने दूर व्हावा.

आता आपल्या भागाकडे परत येऊ. कर्नाटक विधानसभेत निवडून आलेले २२४ आमदार असतात. त्यांत बीदर जिल्ह्याचे सहा : बीदर, बीदर दक्षिण, हुमनाबाद, बसवकल्याण, भालकी आणि औराद. कलबुर्गी जिल्ह्याचे नऊ. दोन्ही मिळून पंधरा. मतदानात पंधरा म्हणजे फार नव्हे. पण प्रश्न विचारताना आमदारामागे बहुमत लागत नाही, एकट्याचा प्रश्नही तेवढाच बंधनकारक असतो. शिवाय विधान परिषद आहे. तिच्यात ईशान्य कर्नाटकाचा शिक्षक मतदारसंघ आणि पदवीधर मतदारसंघ असे दोन आहेत. आपल्या हायस्कूलचे शिक्षक त्या पहिल्यात मत देतात. शाळेचा प्रश्न विचारायला याहून जवळचा प्रतिनिधी दुसरा नाही, आणि आमच्या अनुभवाने सांगायचे तर मत मागून गेल्यावर त्याला पुन्हा भेटणारे थोडेच असतात. दोष केवळ त्याचा नाही.

इथे एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. गुलबर्गा जिल्ह्याने कर्नाटकाला वीरेंद्र पाटील आणि धरमसिंग असे दोन मुख्यमंत्री दिले. आपला माणूस मंत्री झाला की गावात फटाके वाजतात, आणि वाजावेत. पण मंत्री झालेला आमदार सभागृहात प्रश्न विचारत नाही, तो उत्तरे देतो. म्हणजे प्रश्न विचारणारा आपल्याकडचा एक कमी होतो. मल्लिकार्जुन खर्गे यांनी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. १९७२ पासून गुरमिटकलहून आमदार, पुढे गुलबर्ग्याचे खासदार, २००९ पासून केंद्रात कामगारमंत्री आणि २०१३-१४ मध्ये रेल्वेमंत्री. म्हणजे रेल्वेवरच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला वर्षभर आपल्याच भागातला माणूस उभा होता. २०१४ नंतर ते समोरच्या बाकावर गेले आणि २०२१ मध्ये राज्यसभेत विरोधी पक्षनेते झाले.

प्रश्न बंगळुरूत विचारला जातो, पण त्याचे उत्तर तयार कुठे होते? हे फारसे कोणी सांगत नाही. विधानसभेचा प्रश्न कचेऱ्यांत ‘एल.ए.क्यू.’ या नावाने ओळखला जातो. सचिवालयातून तो कलबुर्गीच्या अपर आयुक्तांकडे, तिथून बीदरच्या उपनिर्देशकांकडे, तिथून तालुक्याच्या बी.ई.ओ. ऑफिसात आणि शेवटी फोनवरून मुख्याध्यापकांकडे येतो : ‘सर, एल.ए.क्यू. आहे, तुमच्याकडे रिकामी पदे किती, लगेच सांगा.’ जी माहिती सहा-सहा महिने कोणी विचारत नाही ती तासाभरात गोळा होते. पदे कदाचित भरली जाणार नाहीत. पण पाच टेबलांवरच्या पाच माणसांना त्या शाळेचे नाव एकदा लिहावे लागते. म्हणून मुख्याध्यापकांनी अशा वेळी घाईत अंदाजे आकडा सांगू नये. तोच आकडा मंत्र्यांच्या तोंडून सभागृहात जाणार असतो.

आपल्या भागासाठी राज्यघटनेनेच काही विचारायच्या जागा करून ठेवल्या आहेत. २०१२ साली संसदेने मंजूर केलेले आणि २०१३ पासून लागू झालेले ३७१-जे हे कलम तुम्हांला नोकरी व कॉलेजप्रवेशाच्या राखीव जागांमुळे ठाऊक आहे. त्याच कलमात विकास मंडळाचीही तरतूद आहे, आणि मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा असे त्यात म्हटले आहे. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये राज्यातल्या १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरवले होते. त्यांपैकी ३९ अति मागास होते, आणि त्या ३९ पैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागातले. आपल्या भागाला २०१९ पासून कल्याण कर्नाटक म्हणतात. नाव बदलले, आता त्या २१ तालुक्यांचे काय झाले हे अहवाल हातात घेऊन वर्षावर्षाला विचारता येते.

भाषेच्या बाबतीतही तसेच. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने दोन कलमे घातली गेली. ३५०-अ प्रमाणे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे. ३५०-ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमायचा, आणि त्याचे अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचे. शिक्षक देण्याचे मापही जुने आहे : शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, असे १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते. आपल्या प्रश्नात हे माप घातले की तो गाऱ्हाण्याचा न राहता नियमाचा होतो. ज्या आमदाराला कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत नीट बोलता येत नाही त्याला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येते, असे २१० वे कलम सांगते. तरीही आमचा सल्ला असा, की कामाचा कागद कन्नडमध्येच असावा. ज्याला तो वाचून कामाला लागायचे आहे त्याच्या भाषेत लिहिण्यात कमीपणा नाही, आणि त्याने आपली मराठी उणी होत नाही.

मंत्र्याने सभागृहात ‘करू’ म्हटले, की ते आश्वासन होते. कन्नडमध्ये त्याला ‘भरवसे’ म्हणतात. आपला भरवसाच तो! अशी आश्वासने पाळली जातात की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते. लोकसभेत त्यासाठी साधारण तीन महिन्यांची मुदत धरतात. पुष्कळ आश्वासने वर्षानुवर्षे लोंबकळतात, हेही खरे आहे.

या तासाला दुखणीही आहेत. आणीबाणीत जुलै १९७५ च्या अधिवेशनात संसदेतला प्रश्नोत्तराचा तास बंद ठेवला होता. सप्टेंबर २०२० मध्ये करोनामुळे तो पुन्हा वगळला गेला, लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून अकरा खासदारांना सदस्यत्व गमवावे लागले. त्या प्रकरणाची सर्वांना लाज वाटली, पण त्यातून एक गोष्ट उघड झाली : प्रश्नाला किंमत असते, म्हणूनच कोणी तो विकत घ्यायला निघाले होते. आणि सर्वांत नेहमीचे दुखणे म्हणजे गोंधळ. सभागृहात घोषणा झाल्या, कामकाज तहकूब झाले, की ज्या आमदाराचा तारांकित प्रश्न त्या दिवशी होता त्याची पाळी गेली. टीव्हीवर दिसते ती घोषणा. पटलावर न बोलताच ठेवलेला भालकीच्या किंवा आळंदच्या शाळेचा प्रश्न दिसत नाही.

आता काम तुमचे. आठवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाच्या एका अडचणीवर प्रश्न लिहून आणावा : तुरीवर पडणारा मर रोग, मांजराकाठच्या विहिरींचे पाणी, गावापर्यंत न येणारी बस, शाळेतले रिकामे पद, काहीही चालेल. १५० शब्दांच्या आत, चार-पाच पोटप्रश्न, एकही विशेषण नाही. वर दोन ओळींत लिहावे, की प्रश्न कोणत्या मंत्र्याला आहे आणि तो बंगळुरूचा आहे, दिल्लीचा की ग्रामपंचायतीचा. आकडा लिहिलात तर तो कोणाला विचारून लिहिला तेही लिहा. मग कन्नडच्या शिक्षकांना दाखवून तोच प्रश्न कन्नडमध्ये करून घ्या. दोन्ही प्रती कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात, वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. निवडक प्रश्न पुढील अंकात छापू, आणि जे प्रश्न खरोखरच विचारण्यासारखे असतील ते पालकांच्या सभेपुढे ठेवून आमदारांकडे आणि शिक्षक मतदारसंघाच्या प्रतिनिधींकडे पाठवू.